इतर असल्यास नमूद करा

पंचवीसला दावे बंद होतात.
चोवीसला, भर दुपारी, मोगरा चौरे आली.
काखेत वही, वहीत पेन, पेनाला टोपण नाही.
पिंपळनेरच्या बाजारातली मिरच्यांची पिशवी
दाराबाहेरच ठेवली तिनं,
आत कुणाला ठसका लागायला नको.

मी इथला लेखापाल. माझं टेबल लसींच्या फ्रिजला लागून.
बाराव्या आठवड्याआत नोंद: इतके रुपये.
दवाखान्यात बाळंतपण: इतके.
नव्या बाळाच्या घरी सहा भेटी, सहाही झाल्या तर इतके,
पाच झाल्या तर काही नाही.
भाद्रपदात पाचवी आणि सहावी यांच्या मधून
पांझरा वाहत होती,
त्याला रकाना नाही.

"अनसू बागूल," मोगरा म्हणाली. "पोर व्हयनी. दोन किलो सहाशे."
"कुठे?"
तिनं फॉर्मकडे पाहिलं. मीही.
एक, घर. दोन, दवाखाना.
तीन, इतर असल्यास नमूद करा.

"क्रूझरमा."

घाटाखालचं वळण. खडीचा ढीग दोन वर्षं तिथंच.
ॲम्ब्युलन्सचा फोन लागला तेव्हा
पलीकडची बाई पिनकोड विचारत होती.
ड्रायव्हर पाठ करून उभा राहिला, हातात न पेटवलेली बिडी.
आणि झिपरीबाई, अनसूची सासू,
सात महिने जी दवाखान्याचं नाव काढलं की
चूल फुंकायला लागायची,
तिनंच मोबाईलचा उजेड धरला,
हात हलू न देता.
नाळ बांधून मग दवाखाना.
तिथं टाके, तिथं वजन, तिथं टोपडं.

मी म्हटलं, "तासाभरात पोचलात ना? दोन लिहितो."
सगळेच लिहितात.
दोन लिहिलं की तिला पैसे, मला टक्का,
केंद्राच्या नावापुढे हिरवा ठिपका,
आणि जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या साहेबांना
उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही.
माझाही करार अकरा महिन्यांचा.
बाराव्या महिन्यात मीही एक दावाच असतो,
कुणाच्या तरी टेबलावर.

तिनं पेन माझ्याकडे सरकवलं.
"जे व्हयनं तेच लिख ना, भाऊ.
दोन लिखशी तर त्या रस्तानं काय व्हई?
कागदमा तो चांगलाच ऱ्हाई."

फ्रिज घरघरत थांबला. पुन्हा सुरू झाला.

मी तीन लिहिलं.
मशीननं लगेच सांगितलं: अपात्र.
तिनं मान हलवली, जणू बस चुकली एवढंच,
आणि पुढचं पान काढलं:
लोहाच्या गोळ्या, नऊ बाया. गोवर, चार पोरं.
मी बेरीज केली, तिनं बोटांवर ताडून पाहिली.
माझी सात रुपयांनी चुकली होती.

वही मिटताना शेवटचं पान उघडं पडलं.
तिथं रकाने नव्हते.
रमण्याची बायको, पोटातलं गेलं, दोन रात्री बसले.
सरूबाईला बोलतं केलं.
अनसूच्या सासूला पाच चकरा. पुढं खाडाखोड करून सात.
मी विचारलं, हे कशाला लिहितेस?
ती म्हणाली, "ते तुम्हनं नाही शे."

ती गेल्यावर 'नमूद करा'च्या चौकटीत
मी टाइप करू लागलो.
चौकट चाळीस अक्षरं घेते.
'क्रूझर गाडी, घाटाखालचं वळण, खडीचा ढी'
इथं तिनं मला थांबवलं.
वळण पुसून पाहिलं. मग गाडी.
ढीग मावेना तो मावेना.
शेवटी गाडी काढली, वळण ठेवलं, ढीग ठेवला,
आणि पाठवून दिलं.

पुढच्या महिन्यात पत्र आलं:
आपल्या केंद्राचा ठिपका पिवळा. खुलासा सादर करावा.

खुलाशाच्या फॉर्मात
कारणं तीनच आहेत.
दाराशी अजून मिरचीचा वास आहे,
की मलाच तसं वाटतं, माहीत नाही.
तिसऱ्या कारणापुढे लिहिलंय,
इतर असल्यास